साडेनऊ फूट

तेलेस्फोरच्या गोठ्यात आता गाई नाहीत.
दावणीच्या जागी पालथ्या निजवलेल्या नऊ होड्या,
आणि प्रत्येकीच्या पोटावर
मादावास्काच्या खडकांनी गिरवलेली अक्षरं.
"हे वाच," तो म्हणतो. "रंग नंतर."

मला लाल हवी होती, हे मी बोलत नाही.

पहिली तेरा फुटी. सरळ चालीची, टपालाच्या गाडीसारखी.
सव्वीस वर्षं बॅरीज बेच्या मागच्या रस्त्यांवर मी पत्रं टाकली,
मला ही चाल ठाऊक आहे:
खड्डा आला तरी नाक समोर.
दोन रात्रींचा तंबू, तांदूळ, लोकरीचे मोजे,
सगळं हिच्यातून खळाळ उतरून कोरडं पोचतं.
पण लाटेवर थांबवू गेलीस
तर हिची नाळ पुढच्या पाण्यात घुसते,
कणकेत बोट जावं तशी.

दुसरी अकरा फुटी. दोन्ही जमतं म्हणे हिला.
"दोन्ही जमतं म्हणणाऱ्याशी माझं लग्न झालं होतं,"
मी म्हणाले. ती त्याने मुकाट्याने बाजूला सारली.

तिसरी साडेनऊ. बुटकी, सपाट तळाची,
टोकं वर उचललेली, बगलेला धारदार कड.
तेलेस्फोर एका बोटाने तिला सिमेंटवर गरकन फिरवतो.
"ही कुठं जात नाही. ही थांबते.
नदी हिच्याखालून जाते."
"आणि संथ पाण्यात?"
"संथ पाण्यात गाभण गाय."

मग तो किंमत सांगत नाही, गुडघा विचारतो.
डावा, मी म्हणते.
फोमचं खोगीर तो करवतीशी धरतो, थबकतो.
"उंच बसलीस तर गुडघा सुखी, तोल दुःखी.
खाली बसलीस तर उलटं.
फुकट कुठलंच नाही."
दोन बोटं ठेवतो, एक कापतो.

गोठ्याच्या जमिनीवर, होडीत, मी गुडघे टेकते.
चर्च सोडलं तर कुणापुढे इतकं खाली बसले नव्हते.
मांड्यांवर पट्टे. "कल. अजून."
होडी माझ्या कमरेचं ऐकते,
या वयात घरात कोण ऐकतं?
"आता पट्टे सोड. पुन्हा सोड.
पालथी झालीस की बोटांना डोळे हवेत."

मे महिना. पाण्यात अजून बर्फाची आठवण.
पुलाखालच्या खडकावर त्याची नात ब्रोन्या
दोरीची थैली उघडून उभी,
सतरा वर्षांच्या पोरीला शोभणार नाही इतकी गंभीर.

तेरा फुटीत मी झकास उतरले.
केससुद्धा भिजले नाहीत.
खाली पोचले, आणि संपलं.

साडेनऊ फुटीत मांडीवर अर्धी बादली नदी,
नाक कधी डावीकडे, कधी काठाकडे,
ब्रोन्याने एकदा दोरी उचललीसुद्धा.
मग आडोशातून तिरकी निघाले,
लाटेच्या पाठीवरून खाली घसरले,
वल्हं मागे टेकवलं

आणि थांबले.

सगळी नदी ओरडत खालून चाललेली,
आणि काठावरचा एक बर्च
माझ्या शेजारी उभा.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
एखादं झाड मागे पडलं नव्हतं.
किती वेळ? ब्रोन्या म्हणते, अकरा सेकंद.
ब्रोन्याला गणित बरं येतं.

मग पालथी झाले. पट्टे सुटले.
मग तीन किलोमीटर संथ पाण्यात
ती गाभण गाय हाकत, शिव्या देत,
अंधार पडता पडता धक्क्याला लागले.

शेवाळी रंगाची आहे. तळाला दोन ठिगळं.
पैसे मोजताना तेलेस्फोर म्हणाला,
"आणि तुझा दोन रात्रींचा तंबू?"
म्हटलं, रात्री घरी येईन.