खुली जवारी

मनामाच्या जुन्या बाजारात
मुर्तझाभाई विचारतात, "सिस्टर, बंद हवा की खुला?"
मी सिस्टर नाही, मी कान तपासते.
पण पांढरा कोट घातला की इथे सगळ्याच सिस्टर.

दिवसभर मी माणसांना फोम लावलेल्या खोलीत बसवते,
कानांवर घट्ट वाट्या,
काचेपलीकडून बटण दाबते:
ऐकू आलं की बोट वर करा.
हिद्दच्या गोदीतले वेल्डर, ग्राइंडरवाले.
चार हजार हर्ट्झला त्यांची बोटं मांडीवरच राहतात.

आज दाभोळचे दाऊद परकार म्हणाले,
"बाय, गेला तो आवाज नक्की कसला होता?"
मी सांगू लागले: पैंजणाचं टोक,
झांजेची शेपटी,
'शाळा' आणि 'साळा' यातला फरक.
"आमच्याकडं साळाच म्हनतात," ते हसले,
आणि सही करताना
कागदावर उगाच दोनदा हात फिरवला.

म्हणून संध्याकाळी इथे.
पर्समध्ये पंचवीस दिनार,
फोनमध्ये अकरा मिनिटांची एकच फाइल:
मिरजेत अण्णा जवारी काढताहेत.
घोडीवर कानस. फुंकर. दोरा केसभर पुढे. तार.
पुन्हा कानस.
मध्येच खोकतात.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय,
ती सुरू होत नाही.
(अण्णांचे कान मी कधी तपासले नाहीत.
त्यांनी तपासू दिले नाहीत.)

पहिला जोड बंद पाठीचा.
अण्णा हंड्यात बसलेले,
खर्ज इतका फुगलेला
की तंबोऱ्याला जलोदर झाला.
दुसरा खुला, पण कर्कश,
कानस सरळ माझ्या दातांवर.
तिसरा राखाडी, प्लॅस्टिकचा,
पाठीला जाळी, कानाला मखमल,
वजन रिकाम्या डब्याएवढं.

तिसऱ्यात
खोकला डावीकडे, जरा मागे,
जिथे खरंच त्यांची बैठक होती.
स्कूटर रस्त्यावर.
आणि षड्जाच्या पोटात
ती बारीक मोहोळाची भुणभुण,
जिच्यासाठी ते एका घोडीवर
अख्खी दुपार घालवायचे.

"खुल्याचा एक ऐब आहे," मुर्तझाभाई म्हणाले,
"आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं.
खोलीत एकट्या राहता?"
"तिघी."
"मग बंद घ्या. सगळे बंदच नेतात."

अण्णा म्हणायचे,
बंद जवारीचा सूर गोल, गोजिरा,
पण लवकर मरतो.
खुलीत थोडा कचरा येतो.
येऊ द्यावा.

साडेएकोणीस दिनारला सौदा झाला.
वायर तीन मीटर लांब,
शेळी बांधता येईल एवढी.

गुदैबियातली रात्र.
खिडकीतला एसी पांढरी पाचच्या किंचित वर घुमतोय,
तंबोरा बरोब्बर पांढरी पाच.
दोघांत एक लाट उठते, विरते, उठते.
अण्णा इथे असते तर म्हणाले असते,
यंत्र काही आपलं ऐकायचं नाही,
आणि मणी खाली सरकवून
तार त्याच्याशी जुळवून घेतली असती.

शांता झोपली. ती बॉम्बनंही उठायची नाही.
जिन्सी जागी आहे, उद्या तिची पहाटेची ड्यूटी.
मी आवाज कमी करायला हात नेते
तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून
तिची केरळी हिंदी, अगदी हळू:
"त्या काकांना खोकल्याचं औषध द्या ना कुणीतरी."

मग बराच वेळ काही नाही.
कानस. फुंकर. तार.

"आणि ती गाडी? झाली का सुरू?"

"थांब," मी म्हणते,
"अजून दोन किक आहेत."