सरळ काप

पवित्र गुरुवारी, मिरजेच्या आमच्या देवळात
वेदीपुढं बारा खुर्च्या मांडल्या.
नवे पाळक, कमरेला टॉवेल गुंडाळून
स्टीलची परात घेऊन वाकले.
बसलेले सगळे पंच, निवृत्त हेडमास्तर,
कारखान्याचे माजी अकाउंटंट सॅमसन रणभिसे.
सगळे घरूनच पाय धुऊन आलेले.
एकाच्या टाचेला पावडरही दिसत होती.

बारावा आलाच नाही, कुडचीला मयत होती.
म्हणून दारात लोकांच्या चपला सरळ लावत बसलेल्या
माझ्या बापाला
कुणीतरी दंडाला धरून आणलं.

एलीया सातपुते.
मिशन दवाखान्यात छत्तीस वर्षं.
शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय
मी 'आरोग्य सेवा' लिहायचो.
नेमणूक फरशीची होती आणि पलंगाखालच्या भांड्यांची.
नखं नेमणुकीत नव्हती.
ती शनिवारी, ड्यूटी संपल्यावर,
कोमट पाणी, डेटॉल, एक कटर
आणि ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी
स्वतः वाकलेला तो.

जतचे पाय, अथणीचे, रायबागचे.
उसाच्या पाचटानं चिरलेले,
साखरेनं बधिर झालेले.
कानडी त्याला दोनच शब्द यायचे, कालु कोडी,
पाय द्या,
आणि ते तो असे म्हणायचा
की माणसं पाय द्यायची,
जे बायकोलाही दाखवले नव्हते.

तर पाळक त्याच्यापर्यंत आले.
मी मागच्या बाकावर, मान खाली.
भेगा दिसणार, काळं झालेलं अंगठ्याचं नख दिसणार.
पाणी ओतलं, टॉवेल फिरवला,
आणि बाप बोलला, माईक चालू असताना,
'पाळकसाहेब, बेचक्यात कोरडं करा.
ओलं राहिलं की चिखल्या होतात.'

गायनमंडळातल्या पोरी फिसकन हसल्या.
पाळक थोडा वेळ तसेच बसून राहिले.
मग त्यांनी त्याच्या बोटांच्या बेचक्या पुसल्या, एकेक,
आणि उठून
पहिल्या खुर्चीपासून परत सुरू केलं.
उपासना पाऊण तास लांबली.

पुढं मी पुण्याला गेलो, बँकेत वर चढलो.
फोनवर सांगितलं, हाताखाली चाळीस माणसं आहेत.
'हाताखाली?' तो म्हणाला,
'माझ्या हाताखाली तर पायच आले.'
आणि हसला, खोकला येईपर्यंत.
टोमणा नव्हता. त्याला टोमणे येत नसत.

आता तोच वॉर्ड, खिडकीकडचा पलंग.
सिस्टर म्हणाल्या, बाबांची नखं वाढलीत,
चादरीला अडकतात.
इथं कोण कापतं, मी विचारलं.
त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

उशाखाली कटर सापडला, धार गेलेला.
इस्त्रीच्या पँटीत मी फरशीवर बसलो.
ही फरशी त्यानं किती वेळा पुसली
हा हिशेब मला करता आला असता,
छत्तीस गुणिले तीनशे,
मी केला नाही.
पाय मांडीवर घेतला. हलका होता,
रिकाम्या पिशवीसारखा.

डोळे मिटूनच तो म्हणाला,
'सरळ काप.
कोपऱ्यात खोल जाऊ नको,
मांसात वाढतं.
घाई आहे का तुला?'
नाही म्हटलं.
अकराची गाडी होती.

दहाव्या बोटाशी आलो तेव्हा
शेजारच्या पलंगावरच्या कागवाडच्या म्हाताऱ्यानं
काही न बोलता
चादर वर सारली
आणि आपला पाय पलंगाबाहेर काढून
माझ्या दिशेनं धरला.

बाप झोपला होता.
मी ते दोन शब्द आठवू लागलो.