चार बोटं

अकरा दिवस लिफ्ट बंद होती.
त्बिलिसीच्या टोकाला, ग्लदानीत,
आम्ही सोळा मजले जिन्याने चढलो,
मी हत्यारांची पेटी घेऊन,
नुगझार आपले गुडघे घेऊन.

मोटारघरात कबुतरांनी संसार मांडलेला.
रिलेच्या पट्ट्या काजळलेल्या.
"नवा कुठे मिळेल?"
"बनवणारा कारखाना मोडीत गेला.
कारखाना ज्या देशात होता, तोही."
मग त्याने खिशातून
शेजारच्या इमारतीतल्या मेलेल्या लिफ्टचा रिले काढला,
रुमालात गुंडाळलेला, अंड्यासारखा.

पट्ट्या मी घासल्या.
वहीचा पुठ्ठा फाडून मधून ओढायचा, हलक्या हाताने.
पॉलिश पेपर चांदी खातो,
हे तो तीनदा म्हणाला.

मग नाण्यांची डबी.
वर जायला दहा तेत्री, खाली येणं फुकट.
आत चिल्लर, दोन बटणं,
आणि भोक पाडलेलं एक नाणं, भोकात तुटका दोरा:
टाकायचं, लिफ्ट हलली की ओढून घ्यायचं.
दोरा गर्द निळा, रेशमी.
लग्नाचे कपडे शिवणारी या जिन्यात एकच, सातव्यावर.
नुगझारने दोरा दातांनी तोडला,
फुंकर मारून उडवला,
वहीत लिहिलं: दहा.

नवव्या मजल्यावर लिफ्ट चार बोटं वर थांबायची.
म्हटलं, आलोच आहोत तर हेही करून टाकू.
तो काही बोलला नाही. बिडी शोधत राहिला.
मी शाफ्टमध्ये उतरून स्विच सरकवला,
पुन्हा, परत पुन्हा, दुपार त्यात गेली.
शेवटी असं जुळलं
की गोटी सोडली तर न अडखळता आत जावी.

लामारा आली, अकरा दिवसांचा कचरा पिशवीत.
पाय उचलला, सवयीचा, चार बोटं,
आणि पायरी होती तिथे पायरीच नाही.
नुगझारने दंड धरला म्हणून वाचली.
"माझी पायरी कुणी हलवली?"
तिची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे.
तेव्हा कुठे मला कळलं.

मी पुन्हा शाफ्टमध्ये उतरले.
वरून त्याने हात खाली धरला, मापाला,
ग्रीसने काळा, करंगळीचं एक पेर नसलेला.
"तुझी बोटं धरू की माझी?" मी ओरडले.

उत्तर लामाराने दिलं:
"त्याचीच.
सतरा वर्षांपूर्वी त्यानेच बिघडवली होती."

आणि खाली जाणं फुकट असूनही
चाचपत डबीत दहा तेत्री टाकले.