त्रेचाळीस नंबर

जुरोंगच्या गोदामामागे, अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवलेल्या खोलीत
गेक निओ बाईंनी आम्हाला एकही गाणं वाजवून दिलं नाही.
आम्ही मागितलंच नव्हतं.
सुटे सूर हवे होते.
एक घ्यायचा, पुढचे तीन सोडायचे;
सोडलेले चिप करणार होती.
तोच आवाज भरभर वाचला की वर चढतो,
रेंगाळत वाचला की उतरतो.

शितावरून भाताची परीक्षा करतात.
आम्हाला शितावरून अख्खा भात शिजवायचा होता,
आणि पातेलं केवढं, तर दोन मेगाबाइट.
त्यात पियानो, ढोल, तुताऱ्या,
आणि, का कोण जाणे, एक हेलिकॉप्टर.
चेलोचा नंबर त्रेचाळीस.

दर सुराला बारा डॉलर, डेस्मंड रोझारियोने आधीच सांगितलं.
"खर्जातल्याला जास्त? दंड भरून येतो."
"सगळ्यांना सारखेच."
बाईंनी गजाला राळ लावली.
एसी बंद. पंधरा सूर. मानेवरून घामाचा ओघळ.

रात्री मी एकटा कापत बसलो.
गज तारेला भिडतो तो क्षण ठेवायचा,
त्याआधीचा बाईंचा श्वास पुसायचा,
मग आसेतला चिमूटभर तुकडा शोधायचा
जिथे लाट शून्याला टेकून वर जाते
आणि फिरून तशीच टेकते.
ती दोन टोकं शिवली
की तार वाजतच राहते,
कुणी बोट उचलेपर्यंत,
कुणाचाही दंड भरून न येता.

माझं रफू बरं होतं.
फक्त सातव्या सुराला, गज लागता लागता,
खुर्ची करकरली.

बाईंना परत बोलवायला पैसे उरले नव्हते.
"कोण ऐकतंय," डेस्मंड म्हणाला.
कार्डं खोक्यांत गेली, खोकी जहाजात.

मी ऐकतो.
विल्नियसच्या कुण्या पोराने रचलेल्या खेळात
तळघराचा जिना उतरताना चेलो येतो: करकर.
विमा कंपनीच्या फोनवर ताटकळताना: करकर.
सूर वर नेला की ती उंदीर होते,
खाली ओढला की गोदामाचं दार.
कार्डाला एका वेळी बत्तीसच सूर पेलतात;
तेहतिसावा आला
की सगळ्यांत जुन्याचा गळा गुपचूप दाबला जातो.
दाटीवाटीच्या गाण्यांत चेलो असाच जातो,
आस पुरी न होता.
पण करकर अगदी सुरुवातीला आहे.
ती वाचते.

मागल्या वर्षी बाई दिसल्या, तिओंग बारूच्या बाजारात,
माशांच्या गोळ्यांच्या रांगेत, माझ्या पुढे दोन माणसं सोडून.
हातात काठी. मला ओळखलं नाही, मग ओळखलं.
मी सगळं कबूल केलं.
"कितवा सूर?"
"सातवा."
त्यांनी डावी बोटं हवेत दाबून पाहिली.
"खुर्ची तुमची होती," म्हणाल्या.
"तिचे बारा डॉलर कुणाला दिलेत?"
रांग पुढे सरकली.