पांदण

रविवारी सकाळी सहाला
सोसायटीच्या गोदामापाशी आम्ही जमतो. आठ जण.
कळमेश्वरच्या डॉक्टरनं एकाच महिन्यात
सहा जणांना एकच औषध लिहून दिलं : चाला.
उरलेल्या दोघी नुसत्याच येतात.
चंद्रकला उइके म्हणते, "घरी बसून काय करू?
तुमच्या साखरेच्या गोष्टी तरी ऐकते."

मी एसटीत तीस वर्षं चालक होतो.
चालक म्हणे!
बसून होतो तीस वर्षं.
काटोल, सावनेर, रामटेक, पुन्हा काटोल.
आपल्याच गावाची शीव
साठाव्या वर्षी पायांनी पाहिली.

सुरुवातीला बैल घेऊन निघालेला एखादा थांबायचा,
"काही हरवलं का, बावा?"
केवलराम चाफले सांगायचा, "पोट. दिसलं तर ठेवून घे."

रत्नमालाबाई गजभिये अंगणवाडीतून निवृत्त,
म्हणून प्रत्येक नाल्यापाशी आम्हाला मोजतात.
त्यांच्याकडे गावनकाशाची झेरॉक्स,
घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी.
एका रविवारी एक पांदण.
चालून झाली की तिच्यावर लाल रेघ.

सातबाऱ्यावर जिला झुडपी जंगल म्हणतात
त्या टेकडीवर चारोळी आहे, आवळा आहे,
एक बिबा आहे, ज्याच्याखाली कुणी बसत नाही.
तिथून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
धूर कुठं वळला ते पाहून यादोराव निमजे वारा सांगतात.
त्या धुरापल्याड आमची पोरं राहतात.
त्यावर कुणी फार बोलत नाही,
डबा उघडतो.

नकाशावर एकच पांदण उरली होती.
तिचं नाव निघालं की डोमाजी भोयर म्हणायचा,
"तिकडे काटे हायेत लय."
आणि आम्ही दुसरीकडे वळायचो.
गावात काही गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात,
म्हणूनच तिकडून कुणी जात नाही.

मार्गशीर्षात एकदा धुकं इतकं
की नाला ओलांडून डावीकडं जायचं ते उजवीकडं गेलो.
पायाखाली जुनी चाकोरी लागली,
दगड लागले, बोरी लागल्या,
आणि समोर एकदम तूर.
डोक्याएवढी, शेंगांनी लदबदलेली,
नकाशाच्या बारा हातांवर आडवी उभी.

रत्नमालाबाईंनी नकाशा पाहिला, तूर पाहिली,
नकाशाची घडी घातली.
"आठ," म्हणाल्या.
डोमाजी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.
बराच वेळ.
नाडी सुटली नव्हती.

पुढच्या रविवारी तो आला नाही.
आम्ही सात. कुणी ठरवलं नाही,
पण नाल्यापाशी पाय उजवीकडेच वळले.

तुरीच्या दोन ओळी कापलेल्या होत्या.
बारा हात नव्हे. दोन, फार तर अडीच.
खुंट ताजे, तिरपे, टोकदार.
वाटेच्या त्या टोकाला, कापल्या झाडांच्या ढिगाशेजारी
विळा मांडीखाली घेऊन डोमाजी बसला होता.
"शेंगा घेऊन जा," म्हणाला, "सोले होतीन."
एवढंच.

येताना एकामागे एक आलो.
घोळक्यानं चालायची सवय असलेल्यांना हे अवघड.
दोन्ही खांद्यांना दव,
बोलणं मागे पोचवावं लागतं.
चंद्रकलाबाई पुढं काहीतरी बोलली,
माझ्यापर्यंत येईतो ते भलतंच झालं होतं
आणि मी भलत्याच ठिकाणी हसलो.
सगळ्यांच्या मागून डोमाजी :
"खुंट पाहून. पाय पाहून."

गोदामाच्या ओट्यावर रत्नमालाबाईंनी लाल पेन काढला.
रेघ ओढली, पण तुटक. टिंब टिंब.
"अशी काहून?" केवलरामनं विचारलं.
"दहा हात बाकी हायेत," बाई म्हणाल्या.

डोमाजीनं ऐकलं असावं.
तो शेंगा सोलत होता,
दाणे केवलरामच्या टोपीत टाकत होता,
एक दाणा खाली पडला
तो त्यानं उचलला, फुंकला, टाकला.