पाच बोल्ट

सन्मती चौगुले, वय सतरा.
पहाटे मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर नंबर घालतो,
संध्याकाळी माझ्याकडं पंक्चर काढतो.
म्हणून त्याच्या नोटा पिवळ्या
आणि नोटांवरचे अंगठे काळे.

डबा माझ्याच दुकानात.
ग्रीसचा, पाच किलोचा, धुऊनही ओशट.
घरी ठेवला तर आई म्हणते, बहिणीच्या फीला दे.
आणि तो देतो.
म्हणून घरी ठेवत नाही.
'मामू, किती झाले असतील?'
मोजू नको लेका, मोजलं की कमी होतात.
तो मोजतोच.

गाडी खणभागात आहे.
बोळाच्या टोकाला, एका डॉक्टरांच्या शेडमध्ये,
ताडपत्रीखाली. लाल, दोनच दारं,
दबा धरलेल्या मांजरासारखी बसकी.
डॉक्टरांचा मुलगा परदेशी गेला
आणि त्याच पावसाळ्यात कृष्णा शेडमध्ये आली.
हँडलपर्यंत पुराची रेघ आहे अजून.
सन्मती म्हणतो, इंजिन खोलून धुतलं की झालं.
लायसनला अजून सात महिने, पण ते असू दे.
त्यानं ती कुंपणाबाहेरूनच बघितलेली.
वाऱ्यानं ताडपत्रीचा कोपरा उडाला
की मागचा दिवा दिसतो,
आणि बंपरचा ओठ.

शहाणा माणूस आधी गाडी घेतो.
यानं आधी चाकं घेतली.
सतरा इंची अलॉय, पाच आऱ्यांची,
बंदुकीच्या नळीचा रंग.
दोन कोल्हापूरच्या भंगारात मिळाली,
तिसरं इचलकरंजीत,
चौथ्यासाठी आठ महिने थांबला.
ते एस.टी.तनं आणलं.
कंडक्टरनं चाकाचं अर्धं तिकीट फाडलं,
यानं खिडकीची जागा चाकाला दिली.

आईनं एकावर भांडी पालथी घातली.
म्हणाली, चांगलंय की, पाणी निथळतं.
त्या रात्री तो जेवला नाही.
सकाळी चारी चाकं माझ्या दुकानात,
फडक्यात गुंडाळलेली.
शनिवारी सोडायचा, पुसायचा, परत गुंडाळायचा.
गिऱ्हाईक विचारायचं, कितीला?
तो ऐकू आलं नाही असं करायचा.

मग डॉक्टर हो म्हणाले.
रविवारी या.
मी जॅक घेतला, पाना घेतला.
ताडपत्री ओढली तसा नदीचा वास आला,
इतक्या वर्षांनी,
आणि सीटमधनं एक उंदीर
आपल्या घरातनं निघावा तसा सावकाश निघाला.
सन्मती चाकापाशी उकिडवा बसला.
कॅप काढली. नटांच्या खाचेत गाळ.
बोटानं मोजलं.
चार.
परत मोजलं.
मग मी मोजलं. तीस वर्षं हेच करतोय,
माझं चारात चुकत नाही.

आतनं चहा आला. कुणी घेतला नाही.
अडॅप्टर मिळतो मिरजेत, मी म्हटलं,
मधी चकती घालायची,
चाराचे पाच होतात.
'जुगाड नको, मामू.'
एवढंच. ताडपत्री त्यानंच परत घातली,
कोपऱ्यावर वीट ठेवली
वाऱ्यानं उडू नये म्हणून.

कॉलेज कॉर्नरला सिग्नल लागला.
माझ्या मोपेडवर आम्ही दोघं, मधी जॅक.
मागनं आवाज आला:
'गाडीच चुकीची हाय.'
मी म्हटलं, काय?
'चाकं बरोबर हायत, मामू.
गाडी चुकीची हाय.'
मी असा हसलो की मोपेड बंद पडली,
सिग्नल सुटला, मागं हॉर्नचा दंगा,
आणि तो खाली उतरून ढकलत
गंभीरपणे विचारत होता,
पाच बोल्टाच्या कुठल्या कुठल्या गाड्या येतात.
मी नावं घ्यायला लागलो.
चौथ्या नावाला म्हणाला, हळू सांगा की,
आणि यार्डातला खडू काढून
जॅकच्या पत्र्यावर लिहायला लागला.