बारा संत्री

जगनाडे चौकातून हसनबागेकडे वळलं की
डाव्या हाताला माझं गॅरेज.
गॅरेजसमोर लोखंडी जाळी,
जाळीखाली अंधार.
एकोणीस वर्षं त्या अंधाराला
मी गाड्यांचं काळं तेल पाजलं.
घमेलं वाकडं करायचं,
वरून एक मग पाणी.
झालं. गेलं.
कुठे गेलं, हे कोण विचारतो?

यशोधराबाई गजभिये, कॉर्पोरेशनच्या शाळेतून रिटायर,
स्कूटीचा हॉर्न घेऊन यायच्या
आणि बघायच्या मात्र जाळीकडे.
"ही नाली कुठं जाते नान्हे, ठाऊक आहे?"
"गडरात जात असंल मॅडम."
"गडर वेगळा. ही पावसाची.
हिच्या वाटेत ना टाकी, ना गाळणी."
मी हॉर्न वाजवून दाखवला. वाजला.
पन्नास रुपये झाले.

मग ऑक्टोबरात,
परतीची एक जोरदार सर ओसरत असताना
त्या आल्या. मागे वस्तीतली नऊ-दहा पोरं,
आणि कळमन्याच्या बाजारात कोणी न घेतलेली
बारा संत्री, हिरवट, डागी.
हिमांगी बारापात्रेनं मार्करनं आकडे टाकले.
अल्तमश मोबाइल घेऊन सायकलनं पुढे गेला
पुलाखाली, जिथे पाइप नदीत तोंड उघडतो.
"सोडा!"
डुबुक. डुबुक. डुबुक.
मी पाना पुसत उभा. म्हटलं,
काय पोरखेळ होऊन राह्यला.

सतराव्या मिनिटाला फोन.
"बाई, चार नंबर आला!
सात आला! एक आला!
पण बाई…
हे संत्रं काळं काहून आहे?"

टोपली आणून त्यांनी माझ्याच बाकड्यावर ठेवली.
अकरा होती.
सालीवरचा थर मी वासानं ओळखला,
परवाच्या बुलेटचं होतं.
कोणी काही बोललं नाही.
हिमांगीनं माझीच चिंधी उचलली
आणि एक संत्रं पुसत बसली.

गेल्या साली पवनीहून धाकटा बोलला होता,
"दादा, जाळं चिकट होऊन राह्यलं.
मासा किती धुवा, रॉकेलचा वास जात नाही."
मी म्हटलं होतं, "कोण्या कारखान्याचं असंल बे."
बाप आमचा ढिवर माणूस. म्हणायचा,
वरच्या घाटावरचा खालच्या घाटावरच्याचा
सोयरा असतो, ओळख असो नसो.
मी एकोणीस वर्षं वरच्या घाटावर बसलो होतो,
टायरवर.

आता मागे निळा ड्रम आहे.
चौकातली सहा गॅरेजं त्यात तेल आणून ओततात,
सातवा म्हणतो, टाइम नाही.
महिन्यातून एकदा टेम्पो येतो, ड्रम घेऊन जातो.
जाळीखाली पिशवी बांधायची ठरली
तेव्हा बाजारातली कोणतीच टिकेना.
नायलॉनची दोरी आणली, मीच विणायला बसलो.
बोटांना गाठ आठवत होती,
मलाच आठवत नव्हतं की त्यांना आठवते.
दर शनिवारी पिशवी उपसतो:
खर्ऱ्याच्या पन्न्या, कुरकुऱ्याची पाकिटं,
एकदा डाव्या पायाची चप्पल,
एकदा कोणाची तरी दहावीची मार्कशीट,
गणितात छत्तीस.
बापानं वाघूर धरले, मी पन्न्या धरतो.
तीन पिशव्या चोरीला गेल्या. चौथी विणली.

नदी? नदी अजून काळीच आहे,
खोटं कशाला बोलू.
पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात,
मीही लावतो.
फक्त आमच्या पाइपाच्या तोंडाशी
पाण्यावर ते रंगीत कडं दिसत नाही आता.
अल्तमश जाऊन पाहून येतो,
कोणी सांगितलं नाही तरी.

नऊ नंबरचं संत्रं काही आलं नाही.
अडकलं असेल कुठे, नाहीतर
पारडीवरून गेलं असेल पुढे,
कन्हानेत, तिथून वैनगंगेत.
भावाला सांगून ठेवलंय,
जाळ्यात आकडा घातलेलं संत्रं लागलं
तर फेकू नको.
माझं आहे.